सेवामूर्ती फादर डेमियन

सेवा करणे एक, आणि सेवक होणे दुसरे. भुकेल्याला जेवू घालावे, थंडीत घोंगडी द्यावी, आजाऱ्याला औषध आणून द्यावे आणि दिवे लागायच्या आत आपल्या घरी परत यावे, एवढे पुष्कळांना जमते. ते काही थोडके नव्हे. पण देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा हात खाली, हा भेद त्यात राहतोच. तो भेद मनातून जायचा कसा?

ख्रिस्ती धर्मात या प्रश्नाला एका प्रसंगाने उत्तर दिलेले आहे. येशू ख्रिस्ताने मरणाच्या आदल्या रात्री कमरेला पंचा गुंडाळला, भांड्यात पाणी घेतले आणि आपल्या शिष्यांचे पाय आपल्या हाताने धुतले. त्या काळी हे काम घरच्या गुलामाचे. ते गुरूने केले, आणि तुम्हीही एकमेकांशी असेच वागा अशी आज्ञा दिली. तेव्हापासून ख्रिस्ती साधुजनांत नम्रता आणि सेवा या दोन गोष्टी जुळ्या बहिणींप्रमाणे मानल्या जातात. त्या वाटेने शेवटपर्यंत चालत गेलेल्या एका सत्पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव फादर डेमियन.

बेल्जियम देशात ट्रेमेलो नावाचे एक खेडे आहे. तेथे ३ जानेवारी १८४० रोजी एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी या मुलाचा जन्म झाला. आईबापांनी नाव ठेवले जोसेफ. घरची शेती होती. मुलगा अंगापिंडाने दणकट, कष्टाला मागे न हटणारा. बापाच्या मनात होते की पोराने व्यापार सांभाळावा, आणि त्यासाठी त्याला फ्रेंच भाषा शिकायलाही पाठवले. पण वडील भाऊ आधीच घर सोडून लूव्हेन शहरातल्या मठात गेला होता. तेथे त्याचे नाव पाम्फिल झाले. १८५९ साली जोसेफही त्याच मठात दाखल झाला आणि त्याने डेमियन हे नाव घेतले. फार जुन्या काळी या नावाचा एक ख्रिस्ती वैद्य होऊन गेला. तो रोग्यांकडून पैसा घेत नसे अशी त्याची कथा सांगतात. पुढे या पोराच्या हातून काय घडणार होते, ते जणू नावातच आले होते.

मठातल्या वडीलधाऱ्यांना मात्र या शेतकऱ्याच्या पोराबद्दल फारशी आशा वाटली नाही. शिक्षण बेताचे, तेव्हा याला धर्मगुरू करण्यात अर्थ नाही, हा मठात अंगमेहनतीची कामे करील, असे ठरले. त्याने कुरकुर केली नाही. भावाकडून फावल्या वेळात लॅटिन शिकून घेतले. इतके झटपट शिकले की वरिष्ठांना आपले मत बदलावे लागले.

पुढे १८६३ साली पाम्फिलची नेमणूक दूर पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर धर्मकार्यासाठी झाली. पण ऐन वेळी त्याला आजाराने गाठले. धाकट्याने सरळ पॅरिसला मुख्य गुरूंना पत्र घातले, की भावाच्या जागी मला पाठवा. मधल्या वरिष्ठांना विचारलेसुद्धा नाही! हा स्वभाव ध्यानात ठेवावा. मनात आले की मागेपुढे न पाहता करून टाकायचे, ही त्यांची खोड जन्मभर गेली नाही. परवानगी मिळाली. १९ मार्च १८६४ रोजी त्यांचे गलबत होनोलुलु बंदराला लागले आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. ते आता फादर डेमियन झाले. पुढची नऊ वर्षे हवाईच्या मोठ्या बेटावर, पुना आणि कोहाला या भागांत, ते डोंगरदऱ्या तुडवीत हिंडले. लोकांची भाषा शिकले. हाती करवत-हातोडा घेऊन लहान लहान प्रार्थनामंदिरे उभी केली.

आता या बेटांवरची अवस्था काय होती, ते सांगितले पाहिजे. परदेशी गलबतांबरोबर तिथे नवे नवे रोग आले. त्या लोकांच्या अंगी त्या रोगांना तोंड देण्याची ताकद नव्हती. माणसे भराभर मेली. त्या रोगांतच आपण ज्याला महारोग म्हणतो तो कुष्ठरोगही होता. घाबरलेल्या राजसरकारने १८६५ साली कायदा केला, की ज्याला हा रोग असेल त्याला वेगळे काढावे. त्यासाठी मोलोकाई बेटाच्या उत्तरेची एक जागा निवडली. तीन बाजूंनी खवळलेला समुद्र, आणि पाठीशी दोन हजार फुटांहून उंच सरळ कडा. कुंपणाची गरजच नाही! जानेवारी १८६६ मध्ये बारा जणांची पहिली तुकडी तेथे उतरवली. त्या वस्तीचे नाव कालावाओ. नवरा बायकोपासून तुटला, लेकरू आईपासून तुटले. गेलेला माणूस परत यायचा नाही, हे जाणाऱ्याला ठाऊक आणि पोचवणाऱ्यालाही ठाऊक.

पण एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. तेथे सेवेला आरंभ फादर डेमियन यांनी केला, असे पुष्कळ चरित्रांत ध्वनित होते. ते खरे नाही. कितीतरी निरोगी बायका आपल्या रोगी नवऱ्यामागे आणि कितीतरी नवरे आपल्या बायकांमागे त्या कड्याखाली स्वखुशीने राहायला गेले. त्यांना तिकडच्या भाषेत कोकुआ म्हणत, म्हणजे साहाय्य करणारा. रोग्यांनी स्वतःच १८६६ साली आपली एक प्रार्थनामंडळी स्थापन केली आणि पुढे तिचे मंदिर बांधले. या सगळ्यांची नावे ग्रंथांत आली नाहीत म्हणून त्यांची सेवा कमी ठरत नाही. फादर डेमियन या लोकांत जाऊन मिसळले, एवढेच म्हणावे, आणि तेच त्यांचे मोठेपण.

ते कसे गेले? १८७३ च्या मे महिन्यात माऊई बेटावर एका नव्या चर्चच्या अर्पणविधीसाठी धर्मगुरू जमले होते. बिशप मेग्रे यांनी विषय काढला. मोलोकाईच्या रोग्यांना कायमचा धर्मगुरू नाही. पण तेथे कोणाला कायमचे पाठवणे म्हणजे मरणाला पाठवणे. हुकूम करायला त्यांचे मन होईना. तेव्हा चार तरुण पुढे झाले. आळीपाळीने जावे असे ठरले, आणि पहिली पाळी डेमियन यांची आली. १० मे १८७३ रोजी बिशप त्यांना घेऊन कालावाओला उतरले. त्या वेळी तेथे सुमारे आठशे रोगी होते. डेमियन यांचे वय तेहतीस. पाळी संपायची वेळ काही आलीच नाही. दोन दिवसांत त्यांनी वरिष्ठांना कळवले की मला येथेच राहू द्यावे.

राहायला घर नव्हते. पहिल्या रात्री त्यांनी चर्चच्या आवारातल्या एका झाडाखाली काढल्या. हे झाड आपल्याकडच्या केवड्याच्या कुळातले. रोग्यांच्या झोपड्यांत शिरले की जखमांच्या दुर्गंधीने जीव कासावीस होई. ती सोसावी म्हणून ते तंबाखूचा पाइप ओढू लागले. साधूने तंबाखू ओढावी का, असे कोणी विचारील. त्यांनी त्याची लाज बाळगली नाही आणि ओकारी येते हेही लपवले नाही. माझे मन फार शुद्ध आहे, मला घाण येतच नाही, असा आव आणणे हाही अहंकारच की!

मग कामाला लागले. सकाळी प्रार्थना आटोपली की घरोघर फेरी. कोणाच्या जखमा धुवायच्या, कोणाला पट्टी बांधायची, कोणाला घास भरवायचा. हा आपल्या पंथाचा आणि हा परक्या पंथाचा, असे पाहिले नाही. माणसे रोज मरत. त्यांना पेटीसुद्धा मिळत नसे. फादर स्वतः फळ्या कापून शवपेट्या तयार करीत, स्वतः खड्डा खणीत आणि स्वतःच अंत्यसंस्काराचे मंत्र म्हणत. अशा शेकडो पेट्या त्यांच्या हातून झाल्या. पाणी लांबून आणावे लागे, आणि ज्याच्या हातांना बोटे उरली नाहीत त्याने घागर कशी धरावी? डेमियन यांनी डोंगरातला बारमाही झरा शोधून काढला, सरकारकडून नळ मागवले आणि धडधाकट रोग्यांना बरोबर घेऊन पाणी वस्तीपर्यंत आणले. वादळाने झोपड्या उडून गेल्या तेव्हा लाकूडफाटा मिळवून नवी घरे उभारली. पोरक्या मुलांसाठी आणि मुलींसाठी आश्रम काढले. गाण्याबजावण्याचा ताफा तयार केला. मरायला आलेली माणसे आहेत, यांना बाजा कशाला, असे त्यांना वाटले नाही. मरेपर्यंत माणूस जिवंतच असतो.

परंतु या सर्व कामांहून मोठी अशी एक लहान गोष्ट त्यांनी केली. हवाईचे लोक अळूचे कंद उकडून, कुटून त्याचा लगदा करतात. त्याला पोई म्हणतात. एका भांड्याभोवती सगळे बसतात आणि बोटांनी उचलून खातात. बोटे झडलेल्या त्या माणसांच्या पंगतीत फादर बसले आणि त्याच भांड्यातून जेवले. आपला पाइप त्यांना ओढायला दिला. ज्यांना सगळ्या जगाने शिवायचे सोडले होते, त्यांना त्यांनी उराशी धरले. आणि चर्चमध्ये उपदेशाला उभे राहिले तेव्हा नेहमीचे बंधुजन हे संबोधन टाकून आम्ही कुष्ठरोगी असे म्हणू लागले.

हे त्यांनी केव्हा सुरू केले? रोग झाल्यावर एके दिवशी ते असे म्हणाले, अशी कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती कथा गोड आहे, पण सत्य तिच्याहून गोड आहे. पहिल्याच वर्षी, १८७३ च्या अखेरीस, भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे कळवले होते. त्या वेळी अंगावर एक डागही नव्हता. म्हणजे शब्द आधी आला आणि रोग अकरा वर्षांनी आला. आम्ही हा शब्द लहानसाच, पण तो खरा करून दाखवायला सोळा वर्षांचे आयुष्य लागले.

नम्रतेची परीक्षा कशी होते पाहा. कालावाओला येऊन थोडेच दिवस झाले होते, तोच सरकारचा हुकूम आला की आता येथून बाहेर पडायचे नाही. कॅथलिक पंथात धर्मगुरूनेही आपली पापे दुसऱ्या धर्मगुरूपुढे एकांतात सांगायची असतात. डेमियन यांना ती सोय उरली नाही. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले. कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही आणि डेमियन यांना वर चढू दिले नाही. तेव्हा खाली हेलकावणाऱ्या होडीत उभे राहून या धर्मगुरूने आपली पापे फ्रेंच भाषेत मोठ्याने ओरडून सांगितली आणि वरून क्षमेचे शब्द घेतले. जहाजावर ऐकणारी माणसे होती. आपले चांगले काम दहा लोकांनी ऐकावे असे कोणाला वाटत नाही? पण आपले दोष भर समुद्रात ओरडून सांगणे, याला छाती लागते.

१८८१ साली हवाईची राजकन्या लिलिउओकलानी वस्ती पाहायला आली. लोकांची दशा पाहून तिला रडू आवरेना, भाषण करता येईना. परत गेल्यावर तिने फादरना राजपदक पाठवले. ते त्यांनी फारसे कधी अंगावर घातले नाही.

१८८४ च्या डिसेंबरात एक दिवस त्यांनी थकलेले पाय गरम पाण्यात सोडले. कातडीवर फोड आले, पण चटका जाणवला नाही. काय समजायचे ते ते समजले. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी निदान पक्के केले. आम्ही हा शब्द आता देहावर उमटला.

येथे वाचकांना वाटेल की आता वरिष्ठांनी या सत्पुरुषाला जपले असेल. तसे झाले नाही. त्यांच्या आजाराची बातमी जगभर पसरली. इंग्लंडमधल्या दुसऱ्या पंथाच्या एका धर्मगुरूने वर्गणी जमवून मोठी रक्कम पाठवली. होनोलुलुच्या वरिष्ठांना वाटले, हा माणूस कीर्तीच्या मागे लागला, आणि आपण सगळे काहीच करीत नाही असे जगाला दिसते आहे. कडक पत्रे आली. त्यांना फार एकाकी वाटू लागले. शेजारी दुसरा धर्मगुरू द्या, एवढी एकच मागणी ते करीत राहिले, आणि ती लवकर पुरी झाली नाही. रोगापेक्षा हा घाव खोल गेला.

डेमियन तरी अगदी निर्दोष होते का? नव्हते. तापट होते. आपलेच खरे करीत. सरकारी अधिकाऱ्यांशी लाकडासाठी, औषधासाठी, कपड्यांसाठी हुज्जत घालीत. काही मदतनीसांचे त्यांच्याशी पटले नाही. नम्र माणूस म्हणजे मान खाली घालून होय होय म्हणणारा, अशी आपली समजूत असते. हा माणूस स्वतःसाठी कधी भांडला नाही आणि रोग्यांसाठी भांडायचा कधी राहिला नाही. नम्रता कोठे असावी आणि कोठे नसावी, हे यावरून कळते. वरिष्ठांचे बोल मात्र त्यांनी सोसले आणि मठ सोडला नाही.

शेवटी मदतीला माणसे आली. १८८६ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला जोसेफ डटन नावाचा शिपाई आला. पूर्वीच्या चुकांचे प्रायश्चित्त म्हणून काही सेवा करावी, एवढीच त्याची इच्छा. पुढे चव्वेचाळीस वर्षे तो तेथेच राहिला. १८८८ साली बेल्जियमचे फादर कॉनरार्डी आले आणि शेजारी धर्मगुरू असावा ही इच्छा पुरी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मदर मरियान कोप आपल्या दोन भगिनींसह आल्या. आता मुलांची, मुलींची चिंता मिटली. फादरनी अखेरपर्यंत करवत सोडली नाही, चर्चचे बांधकाम चालूच होते. ख्रिस्ताच्या दुःखस्मरणाच्या आठवड्यात, सोमवारी, १५ एप्रिल १८८९ रोजी त्यांनी देह ठेवला. वय एकोणपन्नास. ज्या झाडाखाली पहिल्या रात्री काढल्या त्याच झाडाखाली त्यांना पुरले.

मेल्यावरही निंदा सुटली नाही. होनोलुलुच्या दुसऱ्या पंथाच्या एका प्रतिष्ठित धर्मगुरूने, डॉक्टर हाइड यांनी, एका पत्रात त्यांना गलिच्छ, अडाणी आणि हट्टी ठरवले, चारित्र्यावरही शिंतोडे उडवले. ते पत्र छापले गेले. प्रसिद्ध इंग्रजी लेखक स्टीव्हन्सन डेमियन यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच त्या वस्तीत जाऊन राहून आला होता. तो स्वतः कॅथलिक नव्हता. त्याने १८९० मध्ये जाहीर पत्र लिहून उत्तर दिले. डेमियन यांचे खरे दोष त्याने झाकले नाहीत. त्याचा मुद्दा असा होता की तो माणूस गेला आणि तुम्ही चांगल्या घरात बसून राहिलात. याला काय उत्तर द्यायचं?

१९३६ साली त्यांचे अवशेष बेल्जियमला नेण्यात आले. मोलोकाईच्या लोकांना ते लागून राहिले. १९९५ मध्ये त्यांचा उजवा हात परत आणून जुन्या कबरीत ठेवला. पेट्या करणारा, जखमा धुणारा तो हात त्याच मातीत आला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी रोममध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

आता एक विचार. सेवा करायची तर रोग लावून घेतलाच पाहिजे का? मुळीच नाही. डेमियन मोलोकाईला गेले त्याच १८७३ साली नॉर्वेत डॉक्टर हॅन्सेन यांना या रोगाचे जंतू दिसले. शाप नाही, पाप नाही, जंतूंचा रोग आहे, हे तेव्हापासून कळू लागले. बहुतेक माणसांच्या अंगी त्याला तोंड देण्याची शक्ती असते, आणि आज औषधाने तो पूर्ण बरा होतो. हवाईतला वेगळे ठेवण्याचा कायदाही १९६९ साली गेला. मदर मरियान यांनी स्वच्छतेचे नियम काटेकोर पाळले, तीस वर्षे सेवा केली आणि १९१८ साली त्या वारल्या. त्यांना हा रोग झाला नाही. त्यांची सेवा काय कमी? हात साबणाने धुवावेत, त्यात काही दोष नाही. मनाने हात धुवू नयेत, एवढेच.

आपल्या वरोड्याचे बाबा आमटे प्रथम एका महारोग्याला पाहून भयाने दूर पळाले होते. त्या भयाचीच लाज वाटून ते परत फिरले आणि त्यातून आनंदवन उभे राहिले. तेथे रोगी दान घेणारा राहिला नाही, शेती करणारा, घरे बांधणारा झाला. १९८३ साली बाबांना अमेरिकेतून जो पुरस्कार मिळाला, त्याला डेमियन आणि डटन यांचीच नावे आहेत. कोठे ते मोलोकाई, कोठे वरोडा! पण भय ओलांडून आम्ही म्हणायला शिकलेली माणसे एकमेकांना अशी सापडतात.

सज्जनहो, मोलोकाईला जाण्याची पाळी आपल्यावर येणार नाही. पण घरात अंथरुणाला खिळलेली सासू असते, शेजारी कोणी खोकत पडलेला असतो, रोग बरा होऊनही बोटे गेलेला एखादा माणूस रस्त्याच्या कडेला बसलेला असतो. त्यांच्याविषयी बोलताना आपण ते लोक म्हणतो. त्या ठिकाणी आम्ही हा शब्द घालून पाहावा. तोंडाने म्हणणे सोपे जाईल. मग उठून त्यांच्या पंगतीला जाऊन बसावे लागेल.